आठ हजार नऊशेला न विकलेला कापूस : यवतमाळ जिल्ह्यातील एका कुटुंबाचा २०२२-२३चा हंगाम

पार्श्वभूमी

वणी आणि पांढरकवडा या दोन बाजारपेठांच्या मधल्या पट्ट्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात, दोन भावांचे हे एकत्र कुटुंब राहते. त्यांची नावे आणि गाव येथे गाळले आहे. आकडे त्यांच्या हिशेबाच्या वहीतले असून वाचण्याच्या सोयीसाठी किंचित पूर्णांकात आणले आहेत. मी तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि ही वही त्यांच्या संमतीने तीन हंगाम पाहत आलो आहे. पुढे ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे, त्यांतील एका वेळी मी त्यांच्याच ओसरीत बसलेलो होतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

कुटुंबाकडे चौदा एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यातील नऊ एकरांवर कापूस, चार एकरांवर सोयाबीन आणि तूर असते, तर उरलेल्या एकरात घरापुरती ज्वारी. वर्षभराचा घरखर्च सोयाबीनवर निघतो. बँकेचे कर्ज, मुलीचे नागपुरातील नर्सिंगचे शिक्षण आणि पुढच्या पेरणीचे बियाणे-खत या तीन मोठ्या रकमा मात्र कापसावरच बेतलेल्या असतात.

या भागातील कापसाला जगाचा वारा नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळलेही. पुढे रेल्वे आली, ती बरीचशी याच मालासाठी आली. जुनी गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की 'जागतिकीकरण १९९१ नंतर गावात आले' हे वाक्य येथे अर्धेच खरे आहे. १९९१ नंतर काय बदलले, तर भावाची जोखीम कोणाच्या अंगावर पडते ते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत खुल्या बाजाराला जागा नव्हती. कास्तकाराने कापूस केंद्रावर न्यायचा आणि चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशांची, वाट पाहायची. त्या योजनेचे दोष पुष्कळ होते आणि उशिरा मिळणारे चुकारे हा त्यांतला सर्वांत मोठा; परंतु 'आज विकू की तीन महिने थांबू' हा प्रश्न शेतकऱ्याला फारसा पडत नसे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, २००२ च्या सुमारास राज्यातील एकाधिकार संपुष्टात आला, त्याच वर्षी बीटी कापसाला परवानगी मिळून पुढे देशाचे उत्पादन वाढले, आणि २००५ च्या प्रारंभी वस्त्रोद्योगातील आंतरराष्ट्रीय कोटा पद्धत संपली. भारत मोठा निर्यातदार झाला आणि आमच्या तालुक्यातील जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, भाव सकाळी न्यूयॉर्कच्या वायद्याकडे, म्हणजे पुढील महिन्यांच्या सौद्यांच्या भावाकडे, पाहून निघू लागला. कधी थांबायचे हा निर्णय तेव्हापासून ओसरीवर येऊन बसला.

समस्या

२०२१-२२ च्या हंगामात या कुटुंबाने दिवाळीनंतरच्या महिनाभरात जवळजवळ सर्व कापूस ७,६०० ते ८,२०० रुपये क्विंटलने विकला. हमीभाव ६,०२५ रुपये असताना हा भाव त्यांना उत्तम वाटला होता. त्यानंतर भाव चढतच गेला. एप्रिल २०२२ मध्ये शेजारच्या घरचा पंधरा क्विंटल कापूस ११,८०० रुपयांनी गेला, आणि त्याच पैशातून त्या घराच्या दारात मोटारसायकल उभी राहिली. थोरले भाऊ ही मोटारसायकल रोज पाहत होते. पुढच्या वर्षीचा निर्णय बराचसा तेथेच ठरला, असे माझे मत आहे.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात अतिवृष्टी झाली. त्यांच्या नऊपैकी दोन एकरांतील पीक पाण्याखाली पिवळे पडले आणि एकूण उत्पादन ५२ क्विंटलवर थांबले. नोव्हेंबरच्या मध्यास वेचणीची मजुरी देण्यासाठी त्यांनी १२ क्विंटल ८,३०० रुपयांनी विकले. उरलेले ४० क्विंटल मधल्या खोलीत भरले. ५ डिसेंबर रोजी खेडा खरेदी करणाऱ्या ओळखीच्या व्यापाऱ्याने घरी येऊन ८,९०० रुपये भाव सांगितला, तोही रोख आणि वाहतूक त्याच्याकडे. म्हणजे ३,५६,००० रुपये त्या सायंकाळी हातात येत होते. बँकेचे पीककर्ज १,६०,००० रुपयांचे होते आणि ते ३१ मार्चपूर्वी भरले तरच व्याजसवलत मिळून ते बिनव्याजी पडणार होते.

गावातील वातावरण थांबण्याचे होते. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ बारा हजारांची भाषा करत होते आणि त्यांचे एक कारण वरवर पाहता पटण्यासारखे होते : पाकिस्तानात पुराने कापूस वाहून गेला आहे, आपल्याकडेही अतिवृष्टी झाली आहे, तेव्हा माल कमी आणि भाव जास्त.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळा माल त्याच दिवशी विकण्याचा होता. दुसरा अर्धा विकून बँकेचे पैसे बाजूला ठेवण्याचा; तो थोरल्या वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून मांडला. "अर्धा तरी इकून टाका, खोली तं मोकळी होईल," असे त्यांचे शब्द होते. खोलीचा उल्लेख झाल्यामुळे तो घरकामाच्या सोयीचा मुद्दा समजला गेला आणि पैशाच्या चर्चेत धरलाच गेला नाही. मीही तो त्या दिवशी धरला नाही.

तिसरा पर्याय सर्व माल रोखून धरण्याचा. थोरल्या भावांचे म्हणणे असे की कापूस काय पोळी आहे का, शिळा व्हायला? धाकटे भाऊ जिनिंगवर हंगामी काम केलेले असल्यामुळे घट, उंदीर आणि आग यांची त्यांना कल्पना होती. पण मागच्या वर्षी लवकर विकण्याचा आग्रह त्यांचाच होता, त्यामुळे यंदा ते गप्प राहिले.

माल तारण ठेवून उचल घेण्याचा चौथा पर्याय बोलण्यात आला आणि लगेच बाजूला पडला. सोयाबीन-तुरीसाठी गोदाम होते. फुगणाऱ्या, आगीला भिणाऱ्या कापसाची सोय तालुक्यात नव्हती. वायदे बाजाराचे नाव मी काढले, पण ते पुस्तकी होते. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये एमसीएक्स या मुंबईच्या वायदे बाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, जो नवा सौदा आला, त्याचे एकक ४८ खंडी, म्हणजे सुमारे १०० गाठी होते. एका गाठीत १७० किलो रुई असते आणि तेवढ्या रुईला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे एका सौद्यामागे पाचशे क्विंटल. आणि यांच्या खोलीत होते चाळीस.

जो हिशेब त्या दिवशी मांडायला हवा होता

त्या सायंकाळी कोणीही, मीसुद्धा, पुढील हिशेब मांडला नाही. तो नंतर मांडला, म्हणून येथे विस्ताराने देतो.

एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते. डिसेंबर २०२२ च्या प्रारंभी न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला ८० ते ८५ सेंटच्या घरात होता आणि डॉलर ८२ रुपयांच्या आसपास. ८४ सेंट धरले तर पौंडाचे जवळपास ६९ रुपये होतात, किलोचे १५२, आणि ३४ किलो रुईचे ५,१६० च्या आसपास. सरकी ३६ रुपये किलो धरली तर तिचे २,३०० मिळतात. बेरीज ७,४६० होते आणि त्यातून जिनिंगचा व वाहतुकीचा खर्च वजा केल्यास उरतात ७,२०० च्या जवळपास. परदेशी गिऱ्हाइकाला परवडावा म्हणून आमचा कापूस साधारण या पातळीला यावा लागत होता.

दुसऱ्या बाजूने पाहू. वायद्याच्या भावात जहाजभाडे, विमा आणि दर्जाचा फरक धरलेला नसतो. हे सर्व धरून आणि त्यावर ११ टक्के आयात शुल्क भरून परदेशी रुई आपल्या गिरणीच्या दारात उतरली, तर तिची तुलना करता येण्याजोगा कापसाचा भाव ८,५०० ते ९,००० च्या दरम्यान निघतो. त्याहून महाग देशी माल घेण्याऐवजी गिरणीवाला बाहेरून मागवतो.

हे दोन्ही आकडे ढोबळ आहेत आणि शे-दोनशे रुपये इकडेतिकडे होतील. परंतु त्यांतून एक पट्टा दिसतो. त्याचा तळ सव्वासात हजारांजवळ आणि छत नऊ हजारांजवळ. व्यापाऱ्याने सांगितलेले ८,९०० रुपये छताला टेकलेले होते. भाव आणखी वर जायचा तर जगाचा भाव वाढायला हवा, रुपया घसरायला हवा किंवा शुल्क वाढायला हवे. खाली यायला मात्र गिरण्यांनी खरेदी थोडी आवरती घेतली तरी पुरत होते. थांबण्यात मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे बरेच होते.

मागच्या वर्षीची परिस्थिती याच मोजपट्टीवर पाहिली तर निराळी दिसते. मे २०२२ मध्ये वायदा दीड डॉलरपर्यंत गेला होता. डॉलर साडेशहात्तर रुपये धरून त्याच पद्धतीने रुई आणि सरकी यांची बेरीज केली तर ती अकरा हजारांच्या जवळ जाते. शेजाऱ्याला मिळालेला ११,८०० हा भाव त्यामुळे चमत्कार नव्हता. कोरोनानंतर अमेरिका-युरोपातील दुकाने पुन्हा माल भरत होती आणि जगभर कापूस कमी पडला होता. त्याचे ते प्रतिबिंब होते. सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून आयात शुल्क माफ केले, तेही याच कारणाने, आणि ती माफी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली. डिसेंबरपर्यंत चित्र उलटले होते. रशिया-युक्रेन युद्धानंतरच्या महागाईने पाश्चात्त्य ग्राहकांनी कपड्यांची खरेदी कमी केली, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर भराभर वाढवले, आणि आपल्या रुईचा मोठा गिऱ्हाईक असलेला बांगलादेश डॉलरच्या टंचाईत सापडला. २०२२-२३ मध्ये भारताची रुई निर्यात आदल्या हंगामाच्या निम्म्याहूनही खाली गेली.

पाकिस्तानच्या पुराचा मुद्दाही तपासण्यासारखा होता. पीक वाहून गेले हे खरेच होते. परंतु ऑगस्ट २०१९ पासून त्या देशाने भारताशी व्यापार थांबवलेला होता. तेथील तूट अमेरिका आणि ब्राझील भरून काढणार. तिचा लाभ वणीच्या बाजाराला मिळायचा तर तो जगाच्या भावातून वळसा घेऊन, आणि तो भाव तर उतरत होता.

काय केले

५ डिसेंबरला व्यापाऱ्याला नकार दिला. जानेवारीच्या अखेरीस भाव ८,२०० वर आला, तेव्हा तोच व्यापारी पुन्हा आला. या वेळची चर्चा पाच मिनिटांत आटोपली, कारण '८,९०० ला नाही दिला तो ८,२०० ला कसा द्यायचा' या वाक्यापुढे कोणी गेलेच नाही. वास्तविक ८,९०० हा आकडा त्या दिवशी कोणाच्याही खिशात नव्हता. तरीही तो घरातील माणसासारखा चर्चेत बसलेला होता.

तिसरा क्षण मार्चअखेरीचा. बँकेची तारीख चुकली असती तर व्याजसवलत गेली असती आणि नवे कर्ज अडले असते. २८ मार्चला १४ क्विंटल ७,८५० रुपयांनी विकून १,०९,९०० रुपये उभे केले, आणि कमी पडलेले ५०,००० रुपये शेकडा दोन रुपये महिना व्याजाने ओळखीतून उचलले. बँकेचे बिनव्याजी कर्ज फेडण्यासाठी खासगी कर्ज काढले आणि भाव वाढेल या आशेने २६ क्विंटल कापूस मात्र खोलीतच राहिला. मला विचाराल तर डिसेंबरच्या नकारापेक्षा हा निर्णय अधिक चुकीचा होता. डिसेंबरमध्ये माहिती अपुरी होती. मार्चमध्ये भाव चार महिने घसरताना दिसत होता आणि थांबण्याला आता रोजचे भाडेही लागू झाले होते.

एप्रिलच्या अवकाळी पावसात टिनाच्या पन्हाळीतून पाणी झिरपले आणि भिंतीलगतचा थर पिवळा पडला. उन्हाळ्यात घरातील सर्वांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगाला खाज सुटली. कापसात राहणाऱ्या बारीक किड्यांमुळे ती सुटते असे डॉक्टरांनी सांगितले आणि मलम लिहून दिले. मुले ओसरीत झोपू लागली. चूल मागच्या पडवीत गेली, कारण मधल्या खोलीजवळ विस्तव नको. शेवटी जून उजाडला, बियाण्यांना पैसे हवे झाले, आणि घट व पिवळा माल वजा जाऊन उरलेला २५ क्विंटल कापूस ६,९०० रुपयांनी गेला.

परिणाम

चाळीस क्विंटलचे एकूण २,८२,४०० रुपये आले. ५ डिसेंबरला आले असते ३,५६,०००. फरक ७३,६०० रुपयांचा, शिवाय खासगी कर्जाचे तीन महिन्यांचे व्याज ३,०००. औषधपाण्याचा खर्च वहीत घरखर्चात गेल्यामुळे वेगळा निघत नाही. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क दोन हप्त्यांत भरण्याची विनंती करावी लागली आणि ती मान्य झाली. खरिपात खताची एक मात्रा कमी पडली.

वहिनींच्या सूचनेचाही हिशेब मी नंतर केला. वीस क्विंटल ८,९०० ने विकले असते तर १,७८,००० आले असते; म्हणजे बँकेचे १,६०,००० डिसेंबरमध्येच बाजूला पडून वर १८,००० उरले असते आणि खासगी कर्जाची वेळच आली नसती. उरलेले वीस क्विंटल जूनपर्यंत ठेवून, घट धरून, पडत्या भावाने गेले असते तरी एकूण ३,१०,००० च्या घरात रक्कम गेली असती. आणि भाव चढला असता तर अर्ध्या मालावर तो लाभही मिळाला असता. ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत माल भरला होता, त्यांच्या तोंडून निघालेली ही सूचना सर्वांत कमी ऐकली गेली.

वेगळे काय करता आले असते

भाव वाढणार की पडणार हे ओळखता आले असते, असे मला म्हणायचे नाही. फेब्रुवारीत बांगलादेशाने मोठी खरेदी केली असती, तर हेच लिखाण थोरल्या भावांच्या धीराचे कौतुक करताना दिसले असते. प्रश्न अंदाज चुकण्याचा नव्हता. अंदाज चुकला तर काय, याचे उत्तर घरात कोणाकडेही नव्हते.

गिरणीमालकाकडे रुई पडून असते तेव्हा त्याच्याकडे गोदाम असते, विमा असतो, बँकेची मर्यादा असते आणि वायद्यात उलटा सौदा करण्याची सोय असते. अमेरिकेतील उत्पादकाच्या पाठीशी अनुदान असते. ते इतके मोठे होते की ब्राझीलने २००२ मध्ये त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागून निकाल जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तो वाद मिटवला. आमच्या कुटुंबाकडे थांबण्यासाठी एक खोली होती. त्या वर्षी बाजार हमीभावाच्या वरच राहिला, त्यामुळे ६,३८० रुपयांच्या हमीचा आधार ८,९०० वरून ६,९०० पर्यंतच्या घसरणीत कोठेही लागला नाही.

म्हणून करण्यासारखे जे होते, ते फार साधे होते. ज्या रकमांना तारीख आहे, त्यांच्याइतका माल त्या तारखेआधी, भाव कोणताही असो, विकून टाकायचा. थांबायचे ते फक्त उरलेल्यावर. दुसरे, भाव विचारताना व्यापाऱ्याला 'आज काय चालू आहे' एवढेच न विचारता सरकीचा आणि रुईच्या खंडीचाही दर विचारायचा. या दोन आकड्यांवरून वर दाखवलेला पट्टा कागदाच्या तुकड्यावर मांडता येतो. धाकट्या भावांना तो दहा मिनिटांत जमला. आणि तिसरे मला स्वतःला लागू आहे : ओसरीत शिकलेला माणूस बसलेला असेल, तर त्याने वायद्याची भाषा काढण्याआधी मालाच्या राशीशेजारी राहणाऱ्या माणसाला पुन्हा एकदा विचारावे.

पुढचा हंगाम

२०२३-२४ मध्ये हमीभाव ७,०२० रुपये झाला आणि बाजार बराच काळ त्याच्या आसपास किंवा खालीच फिरला. कुटुंबाला ४६ क्विंटल कापूस झाला. ठरल्याप्रमाणे त्यांनी बँकेचे आणि शुल्काचे पैसे निघतील एवढे ३० क्विंटल डिसेंबरपर्यंत सरासरी ६,९०० रुपयांनी विकले आणि १६ क्विंटल ठेवले. या वेळी मधल्या खोलीत नव्हे, तर गोठ्याशेजारी ताडपत्री घातलेल्या छपरीत. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कचा वायदा एक डॉलरच्या वर गेला, भावाच्या पट्ट्याचा तळ वर सरकला, आणि मार्चच्या मध्यास ते १६ क्विंटल ७,७०० रुपयांनी गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा थोरले भाऊ वहीतील तीस क्विंटलच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. हेही ठेवले असते तर चोवीस हजार जास्त आले असते, असे ते म्हणाले. वहिनी आतून म्हणाल्या, "मंग खोलीचं भाडं पकडा त्यात."